हंगामी मुंबईकर

मुंबईस येणाऱ्या पाहुण्यांचे पूर्वी दोनच वर्ग असत: कोर्टकचेरी, इस्पितळ किंवा लग्नाचा बस्ता अशा नेमक्या कामासाठी येऊन ते उरकताच परतीची गाडी धरणारा एक; आणि राणीचा बाग, म्हातारीचा बूट व गेटवे ऑफ इंडिया यांचे यथासांग दर्शन घेऊन चौपाटीच्या भेळेने यात्रेचे उद्यापन करणारा दुसरा. दोन्ही वर्ग निरुपद्रवी होते. अलीकडे मात्र तिसरा वर्ग उदयास आला असून, चार दिवसांच्या रजेत मुंबई नुसती पाहणे त्यास कमीपणाचे वाटते. त्यास मुंबईकर होऊन राहावयाचे असते. यास मी हंगामी मुंबईकर म्हणतो. कारण दप्तरातला हंगामी कारकून जसा कायम नोकरांना कधीच विसर पडलेला एकेक नियम डोळ्यांत तेल घालून पाळतो, तसाच हाही वागतो.

माझ्या परिचयातला सर्वोत्तम नमुना म्हणजे सोलापूरचे आमचे मेहुणे. सिद्धेश्वर एक्सप्रेसने येऊनही ते बोरीबंदरापर्यंत जात नाहीत. शेवटच्या स्थानकापर्यंत परगावचे लोक जातात अशी त्यांची खातरजमा झालेली असल्यामुळे दादरलाच उतरतात, पिशवी पाठीवरून काढून छातीशी घेतात आणि बोरिवलीस आमच्या घरी पोचताच पहिली तजवीज कसली करतात, तर लोकलच्या मासिक पासाची. मुक्काम चार दिवसांचा, पास महिन्याचा! मी हिशेब मांडून दाखवला, तेव्हा करुणेने माझ्याकडे पाहून ते म्हणाले, “दाजी, तिकीट पाहुणे काढतात.”

दुसऱ्या दिवशी पहाटे, रजेवरच्या मनुष्याने ज्या प्रहरी कूस बदलावी त्या प्रहरी, ते मालाडला निघाले. बोरिवलीहून चर्चगेटास जाणाऱ्या गाडीत खिडकी मिळवावयाची तर मालाड किंवा कांदिवलीलाच उलट दिशेच्या गाडीत शिरून, बोरिवलीस न उतरता, त्याच बाकावर बसून परत यावे लागते, हा ‘रिटर्न’चा रिवाज त्यांनी कोठून तरी मिळवला होता. रिवाज खरा आहे. परंतु तो मालाड-कांदिवलीच्या लोकांनी स्वतःच्या सोयीसाठी पाडलेला असून, ज्यास बोरिवलीहूनच निघावयाचे त्याने त्यासाठी आधी मालाड गाठावे, ही सुधारणा सर्वस्वी आमच्या मेहुण्यांची. खिडकी मिळाली. तिघांच्या बाकावर चौथ्यास टेकू द्यावे हा या मुलखाचा अलिखित कायदाही त्यांनी पाळला; इतकेच नव्हे, तर न मागणाऱ्या एका गृहस्थास आग्रहाने चौथा केले.

चर्चगेटला गाडी लागताच मस्टर गाठण्यासाठी जो लोंढा उसळतो, त्यात हेही जीव खाऊन धावले. इरॉसच्या कोपऱ्यावर मात्र पंचाईत झाली: लोंढा बघता बघता आपापल्या कचेऱ्यांत जिरून गेला आणि ह्यांना जावयास कचेरी नव्हती. तेव्हा, धाप टाकीत पण मुद्रेवर कामाची निकड कायम ठेवून, त्यांनी तेथेच उभ्याने एक कटिंग घेतला व फोर्टाकडे झपाझप चालू लागले. राजाबाई टॉवरसारखा घड्याळाचा मनोरा डोक्यावर उभा असता त्यांनी वेळ पाहिली ती मनगटावर. आणि १८८८ साली पुरे झालेल्या बोरीबंदरच्या घुमटाखालून जाताना त्यांचे नेत्र इंडिकेटरवरून ढळले नाहीत, कारण मुंबईकर मान वर करीत नाही हा त्यांचा सिद्धांत. सिद्धांत बरोबर आहे. फक्त मुंबईकराची मान वर होत नाही ती साहेबाच्या धाकाने, हे कलम त्यांच्या वाचनात आलेले नव्हते.

दुपारी एका इराण्याकडे, जेथे त्यांनी जन्मात पाऊल टाकले नव्हते, तेथे खुर्ची ओढीत त्यांनी ‘नेहमीचंच आण’ असे फर्मावले. पोऱ्याने पापणी न हलवता खिमा-पाव आणून ठेवला. वार गुरुवार होता आणि मेहुणे गुरुवार कडक पाळणारे. नको म्हणावे तर नागरिकत्व जाते, घ्यावे तर व्रत जाते! अखेर नागरिकत्वाच्या बाजूने निकाल लागला. दत्तगुरूंच्या दप्तरी या प्रकरणावर काय शेरा पडला, ते समजावयास मार्ग नाही.

तथापि शहरही कधी कधी आपला हक्क बजावते. संध्याकाळी मी धीम्या गाडीची वाट पाहत असता, ‘दाजी, तुम्ही अजून स्लोनेच जाता?’ असे विचारून ते विरार लोकलमध्ये शिरले. विरारच्या गाडीत बोरिवलीकराने चढू नये, हा नियम कोठेही छापलेला नसल्यामुळे त्यांच्या अभ्यासातून सुटला होता. बोरिवली आले, उतरण्याची त्यांनी पराकाष्ठा केली, दारातल्या मंडळींनी जागचे न हलता ‘आता विरारलाच उतरा’ असा फैसला दिला, आणि दहिसर, मिरा रोड, भाईंदर मागे टाकीत गाडी खाडी ओलांडून गेली. चिमाजी अप्पांस १७३९ साली वसई घेण्यासाठी मोठा वेढा द्यावा लागला होता. आमचे मेहुणे वसईत दाखल झाले ते पूर्ण इच्छेविरुद्ध. रात्री घरी परतल्यावर त्यांच्या मुद्रेवर खेद नव्हता, धन्यताच होती. विरारची माणसे आपल्याशी भांडली, म्हणजे त्यांनी आपणास बोरिवलीचा मानले, हे त्यांचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही.

ज्या शहराच्या रिवाजांनी आम्ही रोज पिळून निघतो, त्यांच्यावर कोणी हौसेने चार दिवसांची रजा खर्च करावी, याचे मला आश्चर्य वाटते. आणि थोडा मत्सरही, कारण लोकलच्या दारातला वारा सुखकारक असतो हे मला त्यांच्याकडूनच कळले.

असा पाहुणा आपल्याकडे आला, तर वाचकांनी त्याच्याशी वाद घालू नये. घराची किल्ली द्यावी, डबा भरून द्यावा आणि आपण स्वतः एक दिवसाची रजा टाकून गेटवेवरून घारापुरीची लाँच पकडावी. तासाभराचा प्रवास आहे, आणि आपण अस्सल मुंबईकर असाल तर ती लेणी अद्याप पाहिलेली नसणारच. सोमवारी मात्र जाऊ नये. त्या दिवशी ती बंद असतात.