कर वाढतो, वाढवत कोणीच नाही

वॉशिंग्टनच्या शेजारी, व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरफॅक्स काउंटीत मालमत्ता कर वाढतो. पण तो वाढवल्याचा आरोप एकाही माणसावर सिद्ध करता येत नाही. साडेअकरा लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या काउंटीचा कारभार दहा जणांचं बोर्ड पाहतं. नऊ विभागांचे नऊ सुपरवायझर आणि सगळ्या काउंटीने निवडलेला एक अध्यक्ष. दहाही जणांना करदात्याची मनापासून काळजी वाटते. ती ते एप्रिलमध्ये व्यक्त करतात आणि मे महिन्यात अंदाजपत्रक मंजूर करतात.

कामाची वाटणी मोठी देखणी आहे. घराची किंमत काउंटीचं कर खातं 1 जानेवारीच्या बाजारभावाने लावतं. खातं म्हणतं, आम्ही फक्त किंमत लावतो, दर बोर्ड ठरवतं. बोर्ड म्हणतं, आम्ही फक्त दर ठरवतो, किंमत खातं लावतं. दोघंही शंभर टक्के खरं बोलतात. कर त्या दोन सत्यांच्या मधल्या फटीतून वर चढतो.

2024 मध्ये बोर्डाकडून एक अडचणीची गोष्ट घडली. शंभर डॉलरमागे 1.095 डॉलर असलेला दर त्यांनी सरळ तीन सेंटांनी वाढवला, तोही दिवसाढवळ्या. 2025 मध्ये कारभार पुन्हा वळणावर आला. आधी 1.14 डॉलर दराची जाहिरात दिली. जाहीर केलेल्या दरापेक्षा खाली येता येतं, त्याच्या वर जाता येत नाही, असा नियम आहे. त्यामुळे जाहिरात ऐसपैस करणं हा शहाणपणा. मग चर्चा झाली, सुस्कारे टाकले गेले आणि दर 1.1225 वर ठरला. जाहिरातीपेक्षा पावणेदोन सेंट कमी, गेल्या वर्षीपेक्षा पाव सेंट कमी. न लावलेला कर वाचवल्याबद्दल लोकांनी आभार मानायला हरकत नव्हती.

तोवर घरांच्या किमती सरासरी 6.65 टक्क्यांनी वर गेल्या होत्या. आठ लाख डॉलरचं घर त्या हिशेबाने 8,53,200 चं झालं आणि त्याचा कर 9,000 वरून 9,577 वर गेला. यात पाव सेंटाच्या कपातीने वाचले ते 21 डॉलर. हे 21 डॉलर बोर्डाने दिले, 598 बाजाराने घेतले. बाजार कुठल्याच विभागातून निवडणूक लढवत नसल्यामुळे त्याला पाडताही येत नाही.

राज्याचा कायदा मात्र या बाबतीत अरसिक आहे. किमती वाढल्यामुळे वसुली ठरावीक मर्यादेपलीकडे जाणार असेल, तर दर उतरवूनही ती प्रत्यक्षात करवाढच आहे, अशी नोटीस काउंटीला छापावी लागते. मुख्य करासोबत पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी एक छोटा कर येतो आणि झाडांवरच्या किडींच्या बंदोबस्तासाठी सेंटच्या दहाव्या भागाएवढा आणखी एक. साऱ्या बिलात तेवढ्या एकाच ओळीत पैसे कोणामुळे जातात ते सरळ सांगितलेलं आहे.

खर्चाची बाजूही अशीच निर्दोष. सर्वसाधारण निधीतला निम्म्याहून अधिक पैसा शाळांकडे जातो. शाळांचं वेगळं, निवडून आलेलं मंडळ आहे. त्याला खर्च ठरवता येतो, कर लावता येत नाही. लग्नाच्या बैठकीत ‘आमचं काही मागणं नाही, तुम्ही तुमच्या मुलीला काय घालाल ते घाला’ म्हणणाऱ्या वरपक्षासारखं ते आकडा पुढे सरकवतं. बोर्डाने दिला तर शिक्षणाची काळजी कोणाची, हे ठरलेलं. आणि नाही दिला तर मुलांचा शत्रू कोण, तेही ठरलेलं.

उरलेला दोष ठेवायला राज्याची राजधानी रिचमंड आहे. आयोवाचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी 1868 मध्ये घालून दिलेला नियम व्हर्जिनिया अजून पाळते: राज्याने जे स्पष्टपणे करू दिलं, तेवढंच काउंटीने करायचं. हॉटेलातल्या जेवणावर कर लावायचा तर पूर्वी जनमत घ्यावं लागे. 1992 मध्ये जनतेला विचारलं, जनता नाही म्हणाली. 2016 मध्ये पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. 2020 मध्ये राज्याने कायदा बदलून न विचारण्याची सोय केली आणि 2025 मध्ये बोर्डाने 4 टक्के कर मंजूर केला. 1 जानेवारी 2026 पासून तो लागू आहे. जनतेला तिसऱ्यांदा नाही म्हणण्याचा त्रास वाचला.

इथल्या मराठी घरांत पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना हे सगळं ऐकून हेवा वाटतो. पुण्यात मालमत्ता करातली, स्वतःच्या घरात राहण्याबद्दलची त्यांची 40 टक्के सवलत काढून घेतली गेली होती. ती 2023 मध्ये परत मिळाली तेव्हा आपण आपल्याच घरात राहतो हे पटवायला पीटी-3 अर्ज भरण्याची वेळ आली. इथे निदान तुम्ही आपल्या घरात राहता यावर काउंटीचा विश्वास आहे. बिल तिथेच येतं.

एप्रिलच्या जाहीर सुनावणीत प्रत्येक नागरिकाला तीन मिनिटं बोलता येतं. पहिल्या मिनिटात शिक्षकांचे पगार वाढवा, दुसऱ्यात वाचनालयाची वेळ वाढवा, तिसऱ्यात कर कमी करा, घंटा वाजते. आपला मराठी माणूसही यात मागे नाही. शाळेचं रेटिंग पाहून त्याने घर घेतलं, रेटिंग टिकलं म्हणून घराची किंमत वाढली आणि किंमत वाढली म्हणून तो अपील करतो. अपिलात तो लिहितो की तळघरात ओल आहे, छप्पर जुनं आहे आणि मागे हायवेचा आवाज येतो. त्याच आठवड्यात शेजारचं घर विकलं गेलं, की हाच गृहस्थ चार लोकांत सांगतो, ‘त्यांचं नऊला गेलं. आपलं तर कोपऱ्यावरचं आहे, दहाच्या खाली बोलायचंच नाही.’

म्हणून पुढच्या सुनावणीसाठी आमची एक नम्र सूचना आहे. किंमत ठरवायला कर खात्याने एवढे तज्ज्ञ पोसू नयेत. गणेशोत्सवात एक मराठी कळणारा कारकून घरोघरी आरतीला पाठवावा. आरती झाली, प्रसाद हातात आला, की यजमान पाहुण्यांना घर दाखवायला निघतात. त्या फेरीत ते स्वतः जो आकडा सांगतील तो नोंदवावा आणि खाली त्यांची सही घ्यावी. काउंटीची तूट एका भाद्रपदात भरून निघेल, बोर्डाला दर खरोखर उतरवता येईल आणि कर कोणी वाढवला या प्रश्नाला निदान मराठी घरांपुरतं एक लेखी, सहीनिशी उत्तर मिळेल. अपिलाची मुदत मात्र विसर्जनाआधी संपवावी.