सुखासनशास्त्र : नाशिककर सायकलस्वारांसाठी

२०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, तेही नऊ दिवसांच्या आत. तेव्हापासून गंगापूर रोडवरच्या प्रत्येक सुटलेल्या पोटाला आपल्यातही काहीतरी दडलंय असा संशय येतो. माझ्याही पोटाला आला. त्यातून पुढील नियम सिद्ध झाले.

नियम १. सीट : दुकानात अंगठ्याने दाबून सीट निवडू नये, अंगठ्याला सायकलवर बसायचं नसतं. गुबगुबीत जेल सीट त्र्यंबकपर्यंतचे तीसेक किलोमीटर सासुरवाडीसारखे लाड करते, पुढे मांडीला घासायला लागते. बसायची दोन हाडं नीट टेकतील एवढी रुंद आणि जरा कडकच घ्यावी.

नियम २. पॅडची चड्डी : हिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. हे दुकानदार सांगत नाही आणि आपण विचारत नाही. मी संस्कारी घरातला. वणीच्या राइडला आत सुती घालूनच निघालो. साठ किलोमीटर शिवणी घासल्या, वर घाम मुरला. देवीच्या गडाच्या पायऱ्या मी ज्या चालीने चढलो ती पाहून एका आजींनी मायेने विचारलं, “नवस होता का रे बाळा?” व्हॅसलिन निघण्याआधी लावावं. नंतर लावणं हा केवळ पश्चात्ताप.

नियम ३. जर्सी : सुती टीशर्ट घाम पितो, सोडत नाही. जर्सीला पाठीवर तीन खिसे असतात. केळं आणि घराची किल्ली एका खिशात ठेवू नये. कारण विचारू नये.

नियम ४. रेनकोट : इगतपुरीच्या पावसात तो बाहेरचं पाणी अडवतो आणि आत स्वतःचं तयार करतो. मडगार्ड मात्र लावावं. मागून येणाऱ्यालाही तोंड असतं.

नियम ५. हेल्मेट : चर्चा नाही.

नियम ६. थंडी : डिसेंबरात पहाटे उतारावर जर्सीच्या आत, छातीशी वर्तमानपत्र खोचावं. युरोपातल्या शर्यतपटूंची ही जुनी युक्ती. फक्त कालचा पेपर घ्यावा. बाबांचं शब्दकोडं मी एकदाच अंजनेरीला नेलं.

कसोटी : अंगावर काय घातलंय याचा विसर पडला, की सामान जमलं. मला तो एकदाच पडला. त्र्यंबकहून परतताना, हलक्या उतारावर, समोर सूर्य उगवत होता.

मग मिसळ आली, आणि कमरेचं इलॅस्टिक आठवलं.