डोळ्यांदेखत

मुहूर्त गोरज. म्हणजे सूर्य बुडालेला. हॉल एसी. आणि नवरदेवाच्या डोळ्यांवर काळाकुट्ट गॉगल. गाईंच्या खुरांची धूळ डोळ्यांत जाऊ नये म्हणून असेल म्हणावं, तर मंगल कार्यालयाच्या वाटेला गाय फिरकून जमाना झाला. धूर होता, पण तो डीजेवाल्याच्या मशीनचा. त्या धुरातून नवरदेवाची ‘एन्ट्री’ झाली. पूर्वी नवरदेव नुसता यायचा. मागून नवरी आली : नऊवारी, नथ, चंद्रकोर, खांद्यावर शेला आणि गॉगल. (ती नऊवारी शिवलेली होती, मागे चेन होती. त्याबद्दल पुन्हा कधीतरी, तो वेगळा राग आहे.) तिच्यामागे करवल्या, गॉगल. मामा, गॉगल. कडेवरच्या भाच्याला त्याच्या तोंडाहून मोठा गॉगल, आणि तो काढून चावतोय म्हणून त्याच्या आईचा जीव वरखाली.

मुंडावळ्या आणि गॉगल यांचं उभं वैर आहे, याची आपल्याकडे कुणीच दखल घेतलेली दिसत नाही. मुंडावळ्यांचे सर दोन्ही कानशिलांवरून खाली लोंबतात. गॉगलच्या काड्या नेमक्या त्याच कानशिलांवरून मागे जातात. अंतरपाट धरला गेला, गुरुजी म्हणाले, “नवरदेव, आता तो गॉगल उतरवा.” नवरदेवाने हात घातला तर उजवी काडी मोत्यांत गुंतलेली. ओढली तर अख्खी मुंडावळी नाकावर आली. मामा धावले, पण मामांच्याही डोळ्यांवर गॉगल असल्यामुळे त्यांना गुंता दिसेना. ते चाचपडत नवरदेवाचा कान सोडवू लागले. फोटोग्राफर ओरडला, “दादा, राहू द्या, राहू द्या, शॉट भारी येतोय!” गुरुजी दर कडव्याच्या शेवटी ‘सावधान’ म्हणत होते आणि माझ्या माहितीत पहिल्यांदाच कुणीतरी ते मनावर घेतलं : मामा दचकून मागे सरले, काडी तुटली. तरी गॉगल डोळ्यांवरच, एका कानाच्या आधारावर. मला सांगा, अंतरपाट कशासाठी असतो? वधूवरांनी वेळेआधी एकमेकांना पाहू नये म्हणून. दोघांच्याही डोळ्यांवर रात्रीच्या वेळी काळी काच असताना दोन माणसांनी हात भरून येईपर्यंत ते कापड कशाला ताणून धरायचं? एका गोष्टीपुरता गॉगलचा उपयोग मान्य करतो. हल्ली अक्षता टाकत नाहीत, मारतात. मागच्या रांगेतून, नेम धरून. वधूवर सुखरूप होते. तांदूळ गेला तो गुरुजींच्या डोळ्यात.

त्या अख्ख्या मांडवात एकच गॉगल खरा होता. नवरदेवाच्या आजीचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. शिबिरात मिळालेला, बाजूंनीही बंद असलेला, डबीसारखा काळा चष्मा. डॉक्टरांनी बजावलेलं, उजेडात काढायचा नाही. आणि स्टेजवर तर एलईडीचा नुसता मारा. घरच्यांच्या फोटोची वेळ आली. सगळं खानदान काळ्या काचा लावून, हाताची घडी घालून, जरा तिरकं उभं. फोटोग्राफर म्हणाला, “आजी, तेवढा चष्मा काढा ना. फोटोत बरं नाही दिसत.”

आजींनी इकडून तिकडे सगळ्यांकडे पाहिलं. “का रे बाबा, यांची सगळ्यांची ऑपरेशनं कधी झाली?”

खरी गोम अशी की फोटोत डोळ्यांचं काय करायचं हे आपल्याला कधीच कळलेलं नाही. जुने अल्बम काढून बघा. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या लग्नांत फ्लॅश पडला की निम्मे वऱ्हाडी मिटलेले आणि उरलेले निम्मे वीज पडल्यागत उघडलेले. नवरी खाली बघतेय, नवरा पंगतीकडे. गॉगलने हा प्रश्न मिटवला. आतला माणूस घाबरलेला असो, भुकेला असो की पेंगत असो, बाहेर दोन काळे गोल आणि वर ‘अॅटिट्यूड’. 2023च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची साथ होती, तेव्हा चौकात उभं राहून कुणाचे डोळे आलेत आणि कुणाची फक्त हौस आलीय, हे ओळखता येत नव्हतं.

लग्न निदान एका दिवसात आटोपतं. चौकातल्या फ्लेक्सचं तसं नाही. वाढदिवस होऊन तो माणूस पुढच्या वर्षाचा व्हायला आला तरी फ्लेक्स खांबाला लटकतोच आहे. मधे ‘उत्सवमूर्ती’, कमरेच्या वर, एक हात मिशीला, डोळ्यांवर गॉगल. खाली शुभेच्छुकांचे पासपोर्टच्या आकाराचे फोटो, ओळीने गॉगल. वरच्या अंगाला ‘आधारस्तंभ’, त्यांचा गॉगल जरा महागातला, कारण फ्लेक्सवर काचेचा आकार पदाप्रमाणे असतो. गॉगल नसेल तर अडत नाही. फ्लेक्सच्या दुकानात तो पोरगा स्क्रीनवरून मान न वळवता विचारतो, “गॉगल टाकू का?” त्याच्या कॉम्प्युटरमध्ये गॉगलचं आख्खं फोल्डर आहे. फेटे वेगळे, गळ्यातल्या साखळ्या वेगळ्या, गॉगल वेगळे. गिऱ्हाईक नाकासमोर हात नेऊन “जरा खाली, जरा खाली” म्हणतं आणि पोरगा माउसने एकेक मिलिमीटर उतरवतो. म्हणून नीट बघितलंत तर एकाच फ्लेक्सवर पाच जणांचा गॉगल तोच असतो आणि पाचही काचांत त्याच नारळाच्या झाडांचं प्रतिबिंब असतं. चौक आमचा, दुष्काळी तालुक्यातला. समुद्र तीनशे किलोमीटरवर. असे फ्लेक्स रोखायचा महाराष्ट्र मालमत्ता विरूपण प्रतिबंधक कायदा 1995 सालचा आहे. म्हणजे आज गॉगल लावून मिशीला हात लावणारी बरीचशी मंडळी या कायद्याहून वयाने लहान आहेत. निदान वडीलधारा म्हणून तरी त्याचा मान ठेवायचा! माझा साधा मुद्दा आहे. चौकात सिग्नल आहे. त्या सिग्नलच्या तीन दिव्यांपैकी लाल आणि पिवळा कुणातरी ‘युवा नेतृत्वा’च्या डाव्या काचेमागे गेलाय. दिसतो तो फक्त हिरवा. परवा दोन रिक्षा समोरासमोर आल्या, दोघांनाही लाल दिसलाच नाही म्हणून वाटेतच अडकल्या, आणि भांडण चालू असताना वरून तो गॉगलवाला मिशीला हात लावून सगळ्यांच्या शुभेच्छा स्वीकारत होता. बैलगाडा शर्यतीतल्या नामांकित बैलांच्या वाढदिवसाचेही फ्लेक्स लागतात. त्यांना मी आजवर गॉगल पाहिलेला नाही. तेवढी अब्रू जनावरांनी राखली आहे.

बरं, घालायचाच तर गॉगल डोळ्यांना जपतो का, एवढं तरी दुकानात विचारावं. 1930च्या दशकात लढाऊ विमानं चालवणाऱ्यांना ढगांवरच्या उन्हाचा त्रास होत होता, त्यातून तो आजचा थेंबाच्या आकाराचा गॉगल निघाला. चांगली काच 400 नॅनोमीटरपर्यंतची अतिनील किरणं अडवते. फुटपाथवरची नुसती रंगवलेली काच ती अडवेलच असं नाही. मात्र अंधार करते, अंधारात बाहुली मोठी होते आणि नागड्या डोळ्यांत जाणार नाहीत इतकी किरणं आत घेऊ शकते. म्हणजे खर्च करून डोळे बिघडवायचे. पण सूर्य बुडाल्यावरच्या एन्ट्रीला अतिनील किरणांची भीती नाही, हे मान्य.

आता जे लिहितो ते हसत लिहिता येत नाही. अवकाळी पाऊस झाला. गारपिटीने द्राक्षं झोपली, कांदा शेतात सडला. मग ‘पाहणी दौरा’ निघाला. पाहणी! बांधावर सात-आठ पांढरे शर्ट, त्यात मधल्याच्या डोळ्यांवर काळा गॉगल, बाकीच्यांच्या डोळ्यांवर मधल्याचं पाहून. शेजारी शेतकरी, हातात कुजलेली पात, ऊन तोंडावर, दुसऱ्या हाताची कपाळावर आडवी सावली. काय पाहिलंत हो तुम्ही? त्या काचेतून हिरवं आणि सडलेलं एकाच रंगाचं दिसतं. माणूस रडतोय की उन्हाने डोळ्यांत पाणी आलंय हेही दिसत नाही. आणि तुमच्या डोळ्यांत काय आहे हे त्याला दिसत नाही, सोय तीच आहे. बाराव्या शतकात चीनमधले न्यायाधीश धुरकट स्फटिकाच्या चकत्या डोळ्यांवर लावत, असं सांगतात. साक्षीदाराला त्यांच्या मनातलं कळू नये म्हणून. निदान त्यांच्यासमोर काही ऐकायला तरी असायचं. इथे आठ मिनिटांत गाड्या वळल्या. आयुष्यभर उघड्या डोळ्यांनी उन्हात राबल्याने मोतीबिंदू लवकर धरतो, हे डॉक्टर कधीचे सांगताहेत. ज्याला ऊन आहे त्याच्याकडे टॉवेल आहे. एसी गाडीतून उतरून परत एसी गाडीत बसणाऱ्याकडे काच आहे. दुसऱ्या दिवशी त्याच पाहणीचा फ्लेक्स लागला. शेतकरी कडेने कापला होता. गॉगल पूर्ण आला होता.

फ्लेक्सच्या त्या पोराला या सगळ्याचं काही वाटत नाही. त्याला चौरस फुटाचे पैसे मिळतात. तो एकदाच अडला, तेही दुकानात मी माझ्या झेरॉक्सची वाट बघत असताना. दोन भाऊ आले होते. तिसरा गेला होता, ऐन तिशीतला, गाडीवरून. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ करायचं होतं. त्यांनी फोनवर फोटो दाखवले. हळदीचा, पाडव्याच्या मिरवणुकीचा, कोकणातला, बुलेटवरचा, वाढदिवसाचा. सगळीकडे गॉगल.

थोरला म्हणाला, “ह्यातला कुठलाही घे. फक्त गॉगल काढून दे. आईला बघवत नाही.”

पोराने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. “दादा, घालता येतो. काढता येत नाही. खाली डोळेच नाहीत.”

दोघं गप्प राहिले. पोराने फोल्डर उघडलं, खाली-वर केलं आणि त्याच्या परीने मार्ग काढला. “दुसऱ्या कुणाचे बसवून देऊ? तुमचे चालतील का, धाकटे दादा? जरा इकडे बघा. तो गॉगल तेवढा काढा.”