चौथा भिडू हवा

माहजोंग हा चिनी खेळ चौघांचा. 144 सोंगट्या, प्रत्येकाच्या हातात 13. तीन-तीनचे चार संच आणि एक जोडी जमली की डाव जिंकला. आपल्याकडे तो लष्करी अधिकाऱ्यांच्या घरांत आणि शहरातल्या क्लबांत रुळला. लोटे गावात एखाद्याने हौसेने संच आणलाच, तर खेळायला आणखी तिघे आणायचे कुठून?

मेंढीकोटाचं तरी वेगळं काय आहे? तोही चौघांचा, तिथेही हातात 13 पानं. चारही दश्श्या ओढून कोट चढवायचा तर समोर भिडू बसलेला लागतो. पत्ते घरोघरी आहेत, माणसं जमत नाहीत.

खेड तालुक्यातलं लोटे हे गाव मुंबई-गोवा महामार्गाला लागून. रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत, काम पाळ्यांचं. पहिल्या पाळीचा माणूस बाहेर पडतो तेव्हा दुसऱ्या पाळीचा आत गेलेला असतो. परगावाहून आलेले भाड्याच्या खोलीत राहतात. शेजारच्या खोलीत कोण आहे, हे त्यांना ठाऊक नसतं. गणपतीत चाकरमानी आले की कोकणातल्या घरांत रात्र-रात्र डाव रंगतात. विसर्जन झालं की कॅरमचा बोर्ड पुन्हा भिंतीला. मग वर्षभर माणूस मोबाइलवर अनोळखी लोकांशी ल्युडो खेळतो आणि त्यालाच करमणूक म्हणतो. ही करमणूक नव्हे, हे एकटेपण आहे.

चौघे पत्ते घेऊन बसले की गावाला जुगाराचा वास येतो. राज्याचा जुगार प्रतिबंधक कायदा 1887 सालचा आहे, पण निव्वळ कौशल्याचे खेळ त्याने तेव्हाच वगळले. पैसे लावू नका, संशयाचं मूळच संपेल.

बायकांचं काय? मंगळागौरीला झिम्मा-फुगडी झाली की त्यांचा खेळ वर्षभरासाठी संपतो. पारावर पुरुष बसतात, बाईने बसलेलं चालत नाही. न्यूयॉर्कमध्ये 1937 साली काही बायका एकत्र आल्या, माहजोंगचे सारखे नियम ठरवले आणि संघटना काढली. ती आजही दरवर्षी नवा तक्ता छापते. नियम एकच असल्यामुळे परक्या गावातली बाईही सरळ डावात बसू शकते. लोट्यातल्या बायकांना एवढं जमणार नाही, असं कुणी म्हणू नये. त्यांना फक्त हक्काची जागा आणि ठरलेली वेळ हवी.

म्हणून मागणी साधी आहे. गावातलं एक सार्वजनिक सभागृह आठवड्यातून दोनदा खेळासाठी उघडा: एकदा संध्याकाळी पहिल्या पाळीवाल्यांसाठी, एकदा सकाळी दुसऱ्या पाळीवाल्यांसाठी. दोन कॅरम बोर्ड, चार जोड पत्ते, बुद्धिबळाचा एक पट. पैसे लावायला बंदी, बायकांना आणि परगावच्या कामगारांना मोकळी वाट. मेंढीकोटाचे नियम भिंतीवर लिहा, म्हणजे नव्या माणसाला विचारत बसावं लागणार नाही. माहजोंगचा संच कुणाकडे असेल तर तोही आणू द्या, चौघे शिकतील.

एवढ्यासाठी मोठा निधी लागत नाही, सभागृहाची किल्ली लागते. ती ज्यांच्या हातात आहे त्यांनी या आठवड्यात दार उघडावं आणि वेळ फलकावर लिहावी. बाकीच्यांनी शेजारच्या खोलीचं दार वाजवावं.