वेबकाका

वाचनालय, माजी विद्यार्थी संघ, ज्येष्ठ नागरिक मंडळ, गिर्यारोहण क्लब, ज्ञातिसंस्था... जिथे म्हणून वर्गणीची पावती फाडली जाते, तिथे एक वेबकाका असतो. तो निवडून आलेला नसतो आणि संस्थेच्या घटनेत त्याचं पदही नसतं. कधीतरी वार्षिक सभेत चहाच्या आधी कुणीतरी म्हणतं, "आता आपली एक साइट पाहिजे बुवा," आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळतात. त्या दिशेला जो बसलेला असतो, तो वेबकाका. बहुधा बँकेतून निवृत्त. कॉम्प्युटरच्या विरोधात संघटनेनं काढलेल्या पत्रकावर त्यानं सही केलेली असते, आणि संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मागे थांबून तोच कॉम्प्युटर सगळ्यांच्या आधी शिकूनही घेतलेला असतो.

आमच्या वाचनालयाचे वेबकाका अस्सल या जातकुळीतले. साइट वर्डप्रेसवर आहे. त्यात आश्चर्य काही नाही. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला कार्यकारिणीची मंजुरी चटकन मिळते. जुन्या एडिटरच्या काळात काकांचं छान चाललं होतं. वर एक पट्टी, तीत ठळक, तिरपं, डावं, उजवं असली चार बटणं. खाली सगळी मोकळी जागा. वर्डमधून उचलायचं, इथे टाकायचं आणि निळं बटण दाबायचं. मथळा मध्यावर आणायचा असेल तर स्पेसबारवर अंगठा ठेवून तो मध्यावर येईपर्यंत ढकलायचा. मोबाइलवर तो मथळा भलतीकडेच उगवे, पण मोबाइलवर साइट बघणाऱ्यांबद्दल काकांचं मत मुळातच फारसं चांगलं नव्हतं.

६ डिसेंबर २०१८ रोजी वर्डप्रेसची ५.० ही आवृत्ती आली. वर 'अपडेट करा' असं लिहून आलं. काकांनी आयुष्यभर परिपत्रकं पाळलेली. त्यांनी ते इमानाने दाबलं. दुसऱ्या दिवशी पुस्तक प्रदर्शनाची सूचना टाकायला बसले, पहिली ओळ लिहून एंटर मारला आणि ती ओळ त्यांच्या हातून सुटली.

काय झालं ते त्यांना समजायला बरेच दिवस लागले. मला समजावताना ते म्हणाले, "पूर्वी सगळा मजकूर एका वाड्यात नांदत होता. मथळा दिवाणखान्यात, फोटो ओसरीवर, परिच्छेद एकमेकांच्या पायात पाय घालून माजघरात. आता वाडा पाडून फ्लॅट केलेत. प्रत्येक परिच्छेदाला वेगळं दार, वेगळा मीटर, शेजाऱ्याशी संबंध नाही. मधली मोकळी जागासुद्धा फुकट मिळत नाही. तिच्यासाठी 'स्पेसर' नावाचा रिकामा फ्लॅट घ्यावा लागतो!"

हे वर्णन तांत्रिकदृष्ट्या अचूक आहे. ५.० बरोबर आलेल्या या नव्या ब्लॉक एडिटरमध्ये परिच्छेद, शीर्षक, चित्र, यादी असा प्रत्येक तुकडा स्वतंत्र असतो आणि प्रत्येकाची सेटिंगं वेगळी. नुसत्या एंटरने पुढचा ब्लॉक सुरू होतो. त्याच ब्लॉकमध्ये खालची ओळ हवी तर शिफ्ट दाबून एंटर मारायचा. काकांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे व्याख्यानमालेच्या सूचनेत वक्ते, विषय, स्थळ आणि वेळ हे चौघे चार ब्लॉकांत गेले आणि प्रत्येकामध्ये ऐसपैस अंतर पडलं. मोबाइलवर वक्त्यापासून वेळेपर्यंत पोचायला अंगठ्याला बराच प्रवास घडे. वेळ वर घ्यायची म्हटली तर बाणाचं बटण दाबून एकेक पायरी चढवायची. दोन परिच्छेदांमधलं अर्धं-अर्धं वाक्य उचलायला गेलं की दोन्ही परिच्छेद अखंड निळे पडायचे. अर्धं-अर्धं उचलता येण्याची साधी सोय यायला मे २०२२ मधली ६.० आवृत्ती उजाडावी लागली. मधली साडेतीन वर्षं लेखक मंडळींनी काय करणं अपेक्षित होतं, हे मलाही कळलेलं नाही.

पण काकांचा खरा संताप याहून बारीक गोष्टींवर होता. आपल्याकडे कुठल्याही सूचनेच्या शेवटी एक आडवी रेघ आणि मग 'कार्यवाह' असं लिहायची पद्धत आहे. काकांनी ओळीच्या सुरुवातीला रेघ मारली, स्पेस दिली, आणि एडिटरने ठरवलं की यांना यादी करायची आहे. रेघ गेली, काळा ठिपका आला. आमचे कार्यवाह कित्येक आठवडे एकपदार्थी यादीतला पहिला पदार्थ म्हणून साइटवर उभे होते. त्यांनी विचारलं तर काका म्हणाले, "मी नाही, त्याने केलं." 'त्याने' हा शब्द त्या दिवसापासून काकांच्या बोलण्यात कायमचा आला. सभेच्या इतिवृत्तात विषय संपला की काका तीन रेघा मारून एंटर करीत. 'त्याने' त्यांचा पानभर रुंद दुभाजक केला. इंग्रजी आकड्यातला एक आणि टिंब लिहून स्पेस दिली की पुन्हा यादी सुरू. एके दिवशी मात्र काका विजयी मुद्रेने वाचनालयात आले. देवनागरी आकड्याला 'तो' ओळखत नाही, हा शोध त्यांना लागला होता! तेव्हापासून आमच्या साइटवरचे सगळे आकडे मराठी आहेत आणि गेल्या मराठी भाषा गौरव दिनी अध्यक्षांनी त्याबद्दल काकांचं जाहीर कौतुकही केलं. काकांनी ते नम्रपणे स्वीकारलं.

उजवीकडच्या रकान्याशी तर त्यांचं उभं वैर. तिथे दोन कप्पे आहेत, एक लेखाचा आणि एक ब्लॉकचा. मजकुराला नुसता हात लागला की लेखाचा कप्पा मिटतो आणि ब्लॉकचा उघडतो. काका 'वर्ग' निवडायला म्हणून मान वळवेपर्यंत वर्ग गायब, आणि तिथे अक्षरांचा आकार, रंग, पार्श्वभूमी. या झटापटीत एकदा 'ड्रॉप कॅप' नावाचं काहीतरी चालू झालं. एका जुन्या सभासदांच्या निधनाची सूचना होती. 'कळविण्यास अत्यंत खेद होतो' यातला 'क' तीन-चार ओळींएवढा थोरला होऊन दारात उभा राहिला. घरच्या मंडळींना ते आवडलं, ही गोष्ट वेगळी.

जुन्या काळात काका मजकुराच्या कोडमध्ये थोडी लुडबुड करायला शिकले होते. ती विद्या त्यांनी इथे चालवली. ब्लॉक एडिटर प्रत्येक ब्लॉकच्या आगेमागे न दिसणाऱ्या खुणा ठेवतो, आणि आतला मजकूर आपण लिहिला असता तसाच आहे ना, हे ताडून बघतो. फरक दिसला की तो ब्लॉक राखाडी करून वर संदेश लावतो. काकांनी हात लावलेला ब्लॉक नेमका 'अध्यक्षांचे मनोगत' हा होता. पडद्यावर इंग्रजीत आलं की या ब्लॉकमधला मजकूर अनपेक्षित किंवा अवैध आहे. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अवैध असेल. पण अनपेक्षित? दरवर्षी हेच असतं."

मग २०२० साल आलं. मार्चच्या पंचवीस तारखेपासून देश घरात बसला आणि एकतीस तारखेला आलेल्या ५.४ आवृत्तीने एडिटरही आपणहून पूर्ण पडदाभर पसरायला लागला. डावीकडची पोस्ट, पानं, मीडिया अशी ओळखीची यादी नाहीशी. बाहेर पडायची वाट वरच्या कोपऱ्यातल्या 'डब्ल्यू'च्या खुणेवर. काकांना ती सापडेना, म्हणून ते बाहेर पडायला कॉम्प्युटरच बंद करीत. शेवटी बंगळुरूच्या भाच्याला फोन लागला.

"मामा, वर कोपऱ्यात डब्ल्यू दिसतोय ना, त्यावर क्लिक करा."

"तो तर कंपनीचा शिक्का आहे. शिक्क्यावर टिचकी मारून माणूस बाहेर पडतो, हे कुठल्या शाळेत शिकवतात रे?"

भाच्यानेच त्यांना दोन गोष्टी पुरवल्या. एक म्हणजे इतिहास. या प्रकल्पाचं नाव गुटेनबर्ग, माइन्झच्या त्या मुद्रकावरून. काकांनी लगेच त्याचं चरित्र वाचून काढलं आणि म्हणाले, "त्याने अक्षरं सुटी केली ती जोडण्यासाठी. यांनी परिच्छेद सुटे केले ते कशासाठी, एवढंच सांगा." १४५५ मध्ये सावकार फुस्ट याने कर्जापायी गुटेनबर्गवर खटला भरला आणि छापखान्याचं साहित्य त्याच्या हातून गेलं, हे कळल्यावर त्यांना जो आनंद झाला तो बँकेतल्या माणसालाच होऊ शकतो. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला जाझ कलावंताचं नाव देतात आणि ५.० ला क्यूबाचा पियानोवादक बेबो वाल्देसचं दिलं होतं, हेही भाच्याने सांगितलं. जाझमध्ये ऐनवेळी सुचेल ते वाजवतात असं काकांच्या कानावर होतं. "मग बरोबर आहे," ते म्हणाले.

दुसरी गोष्ट म्हणजे 'क्लासिक एडिटर' नावाचं प्लगइन. वर्डप्रेसवाल्यांनी स्वतःच केलेलं. ते बसवलं की जुना एडिटर जसाच्या तसा परत. लाखो साइटवाल्यांनी ते बसवलं आहे, आणि ज्या पानावर लोक तारे देऊन मत नोंदवतात तिथे या जुन्याला जवळपास पाच तारे आणि नव्या गुटेनबर्गला दोनाच्या आसपास. काका हा निकाल छापून पाकिटात घेऊन फिरत. मात्र प्लगइन २०२१ अखेरपर्यंतच सांभाळू, असं जाहीर झालेलं असल्यामुळे त्या वर्षीची दिवाळी त्यांना गोड लागली नाही. मग मुदत २०२२ पर्यंत वाढली. मग २०२४ पर्यंत, 'किंवा गरज असेल तोवर'. "गरज असेल तोवर म्हणजे माझ्या," काका म्हणाले आणि निश्चिंत झाले.

इथे एडिटरच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. कारण काकांच्या समोर येणारा मजकूर कुठल्याच एडिटरला पेलणारा नसतो. डीटीपीवाला श्रीलिपीत टंकलेली पत्रिका पाठवतो. ती पेस्ट केली की देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा पडतो. कार्यवाह हाताने लिहिलेल्या कागदाचा तिरका फोटो काढून पाठवतात आणि खाली लिहितात, 'टेक्स्ट टाकलं तरी चालेल'. उपाध्यक्ष आठ कार्यक्रमांचे फोटो एकाच पीडीएफमध्ये देतात आणि शेवटच्या फोटोत आपण दिसत नाही अशी तक्रार करतात. या सगळ्यांना शिव्या देता येत नाहीत, कारण ते रोज भेटतात. गुटेनबर्ग भेटत नाही.

शिवाय ग्रंथपालबाईंची मुलगी कॉलेजातून येता-येता त्याच एडिटरमध्ये तीन स्तंभांचं, झाकपाक पान पंधरा मिनिटांत उभं करते, हेही आम्ही बघितलेलं आहे. तिने प्लगइनमध्ये दोन्ही एडिटर चालू राहतील अशी सोय करून ठेवली आणि सगळ्या पानांच्या तळाशी पत्ता, फोन आणि वेळा यांचा एक सामाईक ब्लॉक बसवला. एका ठिकाणी बदलला की सगळीकडे बदलतो. तेव्हा त्याला रियुजेबल ब्लॉक म्हणत. ऑगस्ट २०२३ च्या ६.३ पासून सिंक्ड पॅटर्न म्हणतात. तिने काकांना बजावलं होतं, "काका, याला हात लावू नका." काकांनी अर्थातच ते ऐकलं नव्हतं.

एका रविवारी पाण्याची टाकी साफ करायची म्हणून वाचनालय बंद ठेवायचं ठरलं. काकांना नव्या एडिटरमध्ये उघडलेलं एक पान समोर दिसलं, खाली वेळा दिसल्या. त्यांनी त्या खोडून 'आज वाचनालय बंद राहील' असं लिहिलं, निळं बटण दाबलं; 'त्याने' पुन्हा विचारलं, काकांनी पुन्हा दाबलं. क्षणात साइटचं प्रत्येक पान बंद झालं. सभासदत्वाच्या अर्जाखाली आज बंद. व्याख्यानमालेच्या पत्रिकेखाली आज बंद. 'आमची गौरवशाली परंपरा' या लेखाच्या शेवटी, संस्थापकांच्या फोटोला लागूनच, आज वाचनालय बंद राहील. आणि त्यात तारीख नसल्यामुळे सोमवारीही बंद, मंगळवारीही बंद. बुधवारी एक ज्येष्ठ सभासद उघड्या दारात उभे राहून ग्रंथपालबाईंना विचारत होते, "आज बंद आहे ना?"

या प्रकारावर कार्यकारिणीची बैठक बसली. नवे उपकार्यवाह म्हणजे वयाने काकांहून बरेच लहान, नुकतेच स्वेच्छानिवृत्त. त्यांनी आवेशाने सांगितलं की हा एडिटर अगदी भिकार आहे, साधी ओळ वर-खाली करता येत नाही, आपण ही साइटच बंद करू आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर भागवू. आम्ही सगळे काकांकडे बघू लागलो. इतकी वर्षं ते जे म्हणत होते तेच आज ठरावाच्या रूपात समोर आलं होतं. सूचकही मिळाला होता, अनुमोदकाचा हात अर्धा वर गेला होता.

काका खुर्चीत सावरून बसले.

"भिकार? तुम्ही किती पोस्टी टाकल्यात? त्या खालच्या भागाला सिंक्ड पॅटर्न म्हणतात. तो एका पानापुरता बदलायचा असेल तर आधी डिटॅच करावा लागतो. वर्ग हवा असेल तर उजवीकडे लेखाचा कप्पा उघडायचा, ब्लॉकचा नव्हे. आणि ओळ वर-खाली होत नाही ती तुमच्यामुळे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आधी शिफ्ट दाबून एंटर मारायला शिका. मग ठराव मांडा."