स्टेशन? फक्त पंधरा मिनिटं!

प्रति,
आमचे एजंटसाहेब,
घोडबंदर रोड, ठाणे (पश्चिम)

सा. न. वि. वि.

मंगळवारी रात्री पावणेदहाला आमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी तुम्ही एका नवीन लग्न झालेल्या जोडप्याला जागेची माहिती देत उभे होतात. मी तुमच्या मागून आले. तुम्ही मला ओळखलं नाहीत, त्यात तुमचा दोष नाही. पोटरीपर्यंत चिखल, एका हातात चपला, दुसऱ्या हातात मोडलेली छत्री, अशा बाईला तिच्या आईनेसुद्धा ओळखलं नसतं. त्या मुलीने विचारलं, “स्टेशन किती लांब आहे हो?” आणि तुम्ही घड्याळाकडे न बघता, मध्ये आवंढाही न गिळता सांगितलंत, “पंधरा मिनिटं. फक्त.”

साहेब, मी त्याच स्टेशनवरून येत होते. सव्वासातला उतरले होते.

पहिला पाऊण तास बसच्या रांगेत गेला, तो मी धरतच नाही. तो आता माझ्या दिनचर्येचा भाग झालाय, दात घासण्यासारखा. पुढे बस कापूरबावडीपर्यंत सरकत सरकत आली आणि मानपाड्याला थांबली. गायमुख घाटात कुठेतरी ट्रेलर बंद पडलाय, असं कोणीतरी म्हणालं. उरणच्या बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर याच रस्त्याने जातात, त्यामुळे घाटात एकाला खोकला झाला की शेपूट माजिवड्यापर्यंत येते. हे ज्ञान मला तुमच्याकडून मिळालेलं नाही, शेजारच्या सीटवरच्या काकूंकडून मिळालं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि शर्टाच्या खिशातून शेंगदाण्यांची पुडी काढली, तेव्हाच खरं तर मी समजायला हवं होतं. इंजिन बंद करणाऱ्या ड्रायव्हरला अजून आशा असते. शेंगदाणे सोलायला घेणाऱ्याला नसते.

अर्ध्या तासाने उतरले आणि पावसात चालत निघाले. पातलीपाडा, वाघबीळ, आनंदनगर, कासारवडवली. ही नावं तुमच्या तोंडून ऐकली तेव्हा एखाद्या पवाड्यातल्या मुक्कामांसारखी वाटली होती. आता त्यातला प्रत्येक खड्डा मला नावानिशी माहीत आहे. घरी पोचले तेव्हा आमची बस मागे वाघबीळच्याही अलीकडे होती, हे मला काकूंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. अरबी घोडे उतरायचे म्हणून घोडबंदर, असं म्हणतात. परवा एखादा घोडा उतरला असता तर मी भाव न करता बसले असते.

तर, तुमची ती पंधरा मिनिटं.

मी सांगलीची. आमच्याकडे अंतराला किलोमीटर असतात. सांगली ते मिरज दहाएक किलोमीटर, आणि ते पावसाळ्यातही दहाच राहतात. ठाण्यात आले तेव्हा मला कोणी किलोमीटर सांगेचना. सगळे मिनिटं सांगायचे. मला वाटलं, मोठ्या शहरातली माणसं, वेळेची किंमत आहे यांना. तुम्ही तर मला पुराव्यानिशी दाखवलंत. मे महिन्यातला रविवार, सकाळचे सात. शाळांना सुट्टी, ऑफिसं बंद, रस्त्यावर दूधवाले आणि कुत्री. तुम्ही मला स्कूटरच्या मागे बसवलंत, मोबाईलवर घड्याळ लावलंत आणि उड्डाणपुलांवरून असे निघालात की मी डोळे मिटून गणपतीला नारळ बोलले. स्टेशनशी थांबून तुम्ही मोबाईल माझ्यापुढे धरलात. “चौदा! बघा ताई, एक मिनिट कमीच सांगितलं असतं तरी चाललं असतं.” तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा जो प्रामाणिकपणा होता, तो मी अजून विसरलेले नाही. मीच येडी. शर्यतीच्या घोड्याच्या वेळेवरून टांग्याचा सौदा केला.

बरं, मुलुंड महाग पडेल, हेही तुम्हीच समजावलंत. “तिथे बत्तीस हजार, इथे चोवीस. महिन्याला आठ हजार वाचतात, ताई!” वाचतात ना. मी हिशोब करून बघितला. घरातून स्टेशन एक तास, ठाण्याहून करी रोड लोकलने पन्नासेक मिनिटं, पुढे पूल ओलांडून ऑफिस. जाऊन येऊन चार तास. महिन्याचे कामाचे 24 दिवस धरले तर 96 तास होतात, म्हणजे पूर्ण चार दिवस आणि चार रात्री. त्या आठ हजारांत मी महिन्याचे चार दिवस तुमच्या रस्त्याला भाड्याने दिलेत. डिपॉझिटही न घेता.

लोकलबद्दल मात्र माझी तक्रार नाही. 1853 साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंतच आली, याचा अभिमान तुम्ही मला स्कूटरवर ओरडून सांगितला होता. गाडी ठाण्यापर्यंत आली हे खरंच. घोटाळा त्यापुढचा आहे. 34 किलोमीटर रूळ तासाभरात संपतात आणि उरलेल्या दहांना तितकाच वेळ लागतो. “ठाण्याहून गाडी सुटते, बसायला मिळतं” हेही तुम्ही सांगितलं होतंत. सुटते की! फक्त ती प्लॅटफॉर्मला लागते तेव्हा खिडकीत बायका आधीच बसलेल्या असतात. त्या मुलुंडहून उलट्या बसून येतात. मुलुंडच्या. बत्तीस हजारवाल्या.

बाकीच्या किरकोळ गोष्टी एका दमात सांगून टाकते. पाणी “चोवीस तास” आहे, टँकर आला की. “येऊर व्ह्यू” बाथरूमच्या खिडकीतून आहे, तोही स्टुलावर चढून. “मिस्टर कुठे असतात?” हा प्रश्न तुम्ही, मालकांनी, सेक्रेटरींनी आणि वॉचमनने मिळून एकूण अकरा वेळा विचारलात. कराराचे महिनेही अकराच, म्हणून सोडून दिलं.

पण “होणार आहे” या गोष्टीचं भाडं तुम्ही माझ्याकडून आजच का घेता, हे मला कळलेलं नाही. “मेट्रो येतेय, ताई, दारात स्टेशन.” मेट्रो 4, वडाळा ते कासारवडवली, 32 किलोमीटर, सगळं तोंडपाठ होतं तुम्हाला. 2018 पासून काम चालू आहे, हे तेवढं राहून गेलं सांगायचं. खांब पाहिले मी, सुरेख आहेत, परवा रात्री त्यातल्याच एकाला टेकून मी चपलेतला खडा काढला. “ठाणे-मुलुंडच्या मध्ये नवीन स्टेशन होतंय.” होऊ दे. “डोंगराखालून बोगदा जाणार, बोरिवली पंधरा मिनिटांत.” परत पंधराच! मला बोरिवलीला जायचंच नव्हतं हो. माझं ऑफिस बोरिवलीच्या आसपाससुद्धा नाही. तरी मी मान डोलावली, कारण तुम्ही इतक्या जिव्हाळ्याने बोगदा काढत होतात की मध्येच “नको” म्हणणं बरं दिसेना. ही सगळी कामं पुरी होतील आणि चांगलीच होतील, मला शंका नाही. पण तेव्हा भाडं चोवीस राहील का, हेही सांगा ना. तेव्हा मला तुम्ही टिटवाळ्याला जागा दाखवाल आणि म्हणाल, “ताई, इथे आता मेट्रो येतेय.”

माझी आई सांगलीत एकटी असते. नऊला झोपते. गेल्या दोन महिन्यांत नऊच्या आत मी तिच्याशी घरातून, शांत बसून, किती वेळा बोलले असेन? बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी सगळे फोन बसच्या दांड्याला लोंबकळून. “जेवलीस का?” “हो.” “घरी पोचलीस?” “हो, पोचतेच.” मंगळवारी तिने तीनदा फोन केला. मोबाईल पर्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, पाऊस होता म्हणून. चौथ्यांदा तिने केलाच नाही, झोपली. तुम्हाला दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी मिळाली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, तो व्यवहार आहे. पण माझी संध्याकाळ त्या व्यवहारात नव्हती. ती विकायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? अनोळखी गावात आलेलं माणूस दुसरं काय विचारतं हो? पाणी येतं का आणि पोचायला किती वेळ लागतो. दोनच प्रश्न. दोन्हीची उत्तरं खोटी द्यायची आणि वर “ताई” म्हणायचं!

इथे मी पत्र संपवून सही करणार होते. पण त्या रात्री पुढे जे झालं ते वगळलं तर तुमच्याइतकीच मीही खोटी ठरेन.

मी लिफ्टकडे निघाले होते. त्या मुलीने मला हाक मारली. “काकू, तुम्ही इथेच राहता ना? स्टेशन खरंच पंधरा मिनिटं आहे का?” तुम्ही वळून बघितलंत आणि तेव्हा ओळखलंत. तुमचा चेहरा पडला. शर्ट पाठीला चिकटलेला होता, हातातली फाईल पावसाने फुगली होती. मला किती बोलायचं होतं! शेंगदाण्यांपासून सगळं. आणि माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? “हो. म्हणजे, ट्रॅफिक नसेल तर.”

ट्रॅफिक नसेल तर! दोन महिन्यांत मी तुमची भाषा शिकले.

ती दोघं गेली. तुम्ही वॉचमनच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत मटकन बसलात, त्याच्या बाटलीतून पाणी प्यायलात आणि मला विचारलंत, “जागा बरी आहे ना ताई?” मी तुमच्या स्कूटरची चौकशी केली. तेव्हा कळलं की ती तुमची नव्हतीच, मित्राची होती, रविवारपुरती. आणि तुम्ही राहता आसनगावला. रोज सकाळी आसनगावहून ठाणे, तिथून बसने घोडबंदर, दिवसभर तिघा-चौघांना जागा दाखवायच्या, त्यातला एखादा पटायचा, रात्री परत. घोडबंदरला घरं दाखवणाऱ्या माणसाला घोडबंदरचं भाडं परवडत नाही, हे मी कधी मनातच आणलं नव्हतं. तुमची मुलगी पहिलीत आहे आणि तुम्ही निघता तेव्हा ती झोपलेली असते, पोचता तेव्हाही झोपलेलीच. माझी आई निदान फोन तरी उचलते.

“मग खरं का सांगत नाही?” मी विचारलं. तुम्ही म्हणालात, “एक तास म्हटलं तर माणूस जागा बघायला वरसुद्धा येत नाही, ताई. शेजारचा एजंट वीस म्हणतो, म्हणून मी पंधरा म्हणतो.” मग वॉचमनकडे वळून विचारलंत, “स्टेशनची बस मिळेल का रे आता?” तो हसला आणि म्हणाला, “बस कुठली साहेब, चालत जा. पंधरा मिनिटं तर आहेत.”

तुम्ही हसला नाहीत. पँट दुमडून निघालात. मी वर गेले, पाय धुतले आणि खिडकीतून बघितलं तर तुम्ही बंद पडलेल्या कंटेनरांच्या रांगेच्या कडेने, फाईल डोक्यावर धरून, आनंदनगरच्या दिशेला चालला होतात. आसनगावची गाडी मिळाली की नाही, मला माहीत नाही.

तरी राग गेलेला नाही, हे स्पष्ट लिहिते. म्हणून दोन कामं सांगते, तेवढी करा.

त्या जोडप्याचा नंबर तुमच्याकडे आहे. टोकन घेण्याआधी त्यांना एकदा सोमवारी बोलवा, सकाळी पावणेआठला, आमच्या स्टॉपवर. स्कूटर आणू नका. मी रांगेत असतेच, ओळख करून देईन. सोबत स्टेशनपर्यंत जाऊ, तेव्हा मोबाईलवर घड्याळ लावा आणि जो आकडा येईल तो त्या मुलीला वाचून दाखवा. त्यांनी तरीही घेतली जागा, तर घेऊ देत.

दुसरं काम माझं. माझा करार एप्रिलमध्ये संपतो. मुलुंडला वन बीएचके बघायचाय, जुन्या बिल्डिंगमधला चालेल, लिफ्ट नसली तरी चालेल. जागा तुम्हीच दाखवा, दलाली ठरल्याप्रमाणे देईन. फक्त स्टेशनपासून चालत दाखवायची, कामाच्या दिवशी, आणि घड्याळ माझ्या हातात राहील.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सी विंग, सातवा मजला, येऊर व्ह्यू (स्टुलावरून)