हौदेदार

वाहन खरेदी करणाऱ्या मराठी मध्यमवर्गात पूर्वापार दोनच पंथ प्रचलित होते: एक 'अ‍ॅव्हरेज किती देते?' या प्रश्नाने चौकशीस आरंभ करणारा आणि दुसरा 'किती जण बसतात?' या प्रश्नाने ती संपविणारा. गेल्या दशकात मात्र या दोहोंशी फारकत घेतलेला, संख्येने अत्यल्प परंतु वक्तृत्वाने विपुल असा एक तिसरा पंथ उदयास आला असून, ज्याच्या नित्याच्या येण्याजाण्याचा समग्र मार्ग डांबरी आहे आणि ज्याच्या दृष्टिपथातील सर्वांत खोल जलाशय म्हणजे सोसायटीची पाण्याची टाकी होय, असा मनुष्य मोटारींच्या दालनात शिरून 'ही किती खोल पाण्यातून जाते?' असे गंभीर मुद्रेने विचारू लागला, की त्याने त्या पंथाची दीक्षा घेतली असे खुशाल समजावे. आमचे शेजारी भाऊसाहेब हे या पंथाचे कोथरुडातील आद्य पुरुष होत. (भाऊसाहेबांच्या गाडीपुरते उत्तर ७०० मिलिमीटर आहे; ते ऐकण्यासाठी प्रश्न विचारण्याची आवश्यकता नसते.)

भाऊसाहेबांची सारी हयात एका बँकेत शेतीकर्जाची प्रकरणे तपासण्यात गेली. विहीर, ट्रॅक्टर, दुभती जनावरे आणि क्वचित एखादी मालवाहू पिकअप यांसाठी अर्ज घेऊन येणाऱ्या कास्तकारास समोर बसवून, क्षेत्र किती, त्यात बागायत किती व जिरायत किती, सातबाऱ्यावर आधीचा बोजा किती, वाहन वर्षाकाठी किती दिवस कामावर असेल आणि उरलेले दिवस ते कोणाच्या अंगणात उभे राहील, हे ते इतक्या शांतपणे विचारीत की, निम्मे अर्जदार चहा येण्यापूर्वीच आपला अर्ज आपण होऊन मागे घेत. जे उरत, त्यांच्या कागदाच्या समासात 'गरज सिद्ध होत नाही' असा शेरा हिरव्या शाईने उमटे. या शेऱ्याविरुद्ध वरिष्ठांकडे केलेले एकही अपील मंजूर झाले नाही, असे ते आजही अभिमानाने सांगतात. आणि ते खरेही असावे, कारण त्यांचा हिशेब कधी चुकलेला मी पाहिलेला नाही. चुकले ते त्यांचे काळीज.

ते प्रथम चुकले २०१६ साली. त्या वर्षी इसुझु कंपनीने आंध्रातील श्रीसिटीच्या कारखान्यात तयार झालेली 'व्ही-क्रॉस' नावाची पिकअप साडेबारा लाखांच्या आत बाजारात आणली आणि भाऊसाहेब ती पाहून आले. पिकअप ही वस्तू पुणेकरांस नवी होती असे नाही. १९८८ साली टेल्कोने टाटामोबाइल काढली, तिच्याच सांगाड्यावर पुढे सिएरा आणि इस्टेट उभ्या राहिल्या, हा इतिहास त्यांना मुखोद्गत होता. परंतु ज्या वाहनाच्या पुढच्या भागात साहेबाने बसावे आणि मागच्या भागात शेणखत, असे वाहन प्रतिष्ठित गृहस्थाने घरच्या वापरासाठी घ्यावे, ही कल्पनाच इतकी क्रांतिकारक होती की, भाऊसाहेबांनी त्या रात्री स्वतःच्याच नावे एक प्रकरण तयार केले, रीतसर तपासले आणि सवयीने समासात शेरा मारला. साडेबारा लाख रुपये! गरज सिद्ध होत नव्हती.

पुढे सहा वर्षे गेली. आमच्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास झाला, बिल्डरकडून सभासदांस काही रक्कम मिळाली, भाऊसाहेब सेवानिवृत्त झाले आणि २०२२ साली टोयोटाने 'हायलक्स' भारतात आणली, जिची किंमत दालनातच ३३ लाख ९९ हजारांपासून सुरू होत होती. साडेबारा लाखांची वस्तू महाग म्हणून नाकारणाऱ्या गृहस्थाने चौतीस लाखांची वस्तू वाजवी म्हणून कशी स्वीकारली, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे. भाऊसाहेबांनी तो इतिहासाच्या कक्षेत नेऊन सोडविला. हायलक्स १९६८ पासून चालत आलेली आहे. १९८७ साली चाडच्या सैन्याने वाळवंटात लिबियाचे रणगाडे पिटाळले ते टोयोटाच्या पिकअपांवर तोफा व क्षेपणास्त्रे बसवून, आणि त्या युद्धाला जगाने नावच 'टोयोटा युद्ध' असे दिले. इंग्रजांच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात २००३ साली एक जुनी हायलक्स समुद्राच्या भरतीत बुडविली, पेटविली, बहुमजली इमारतीच्या गच्चीवर ठेवून ती इमारत सुरुंगांनी पाडली, तरी ती सुरू झाली. हे सारे वृत्त कथन करून भाऊसाहेब श्रोत्याकडे अशा दृष्टीने पाहत की, आमच्या इमारतीचा पुनर्विकास पुन्हा निघालाच, तर निदान एक मालमत्ता तरी शाबूत राहील, याबद्दल कोणाच्या मनात शंका उरू नये.

तरीही हाडाचा बँकवाला तुलनात्मक तक्त्यावाचून पैसे मोजीत नाही. तक्त्यात तीन रकाने होते. पहिल्यात हायलक्स: २.८ लिटरचे डिझेल इंजिन, २०४ अश्वशक्ती. दुसऱ्यात तोवर बरीच महाग झालेली व्ही-क्रॉस: १.९ लिटर, १६३ अश्वशक्ती, किंमत दहाएक लाखांनी कमी. म्हणजे जादा एकेचाळीस घोड्यांसाठी दहा लाख, अर्थात दर घोड्यास सुमारे पंचवीस हजार. आणि सारंगखेड्याच्या यात्रेत उमदे जनावर याच्या कितीतरी पट भावाने विकले जाते, त्याला चंदी घालावी लागते ती निराळीच, ही बाब त्यांनी तळटिपेत नमूद केली होती. तिसरा रकाना घात करणारा होता. त्यात बोलेरो पिकअप होती, जिला ग्रामीण महाराष्ट्र नुसते 'पिकअप' म्हणतो. किंमत दहा लाखांच्या आसपास, वाहनशक्ती नमुन्याप्रमाणे १.३ ते १.७ टन, आणि हायलक्सची भारवाहनशक्ती तिच्या निम्म्यानेही भरेना. भाऊसाहेबांनी त्या रकान्याकडे बराच वेळ पाहिले आणि 'तुलना समानांतच व्हावी' असे लिहून तो आडव्या रेघेने रद्द केला. त्यांच्या तीसेक वर्षांच्या निष्कलंक सेवेतील ही एकमेव खाडाखोड असावी.

वहिनींचा आक्षेप मात्र रेघ मारून रद्द होण्यासारखा नव्हता. "अहो, हेच इंजिन फॉर्च्युनरमध्ये आहे म्हणता, सांगाडाही तिच्याच कुळातला म्हणता, मग तिच्यात सात माणसं बसतात आणि हिच्यात पाच, आणि उरलेल्या जागेत काय बसणार?" असे त्यांनी विचारले. भाऊसाहेबांनी उत्तर दिले, "काहीही बसू शकतं." वहिनी म्हणाल्या, "तेच म्हणते मी. टेम्पो."

या एका शब्दाने भाऊसाहेबांचे पुढील आयुष्य व्यापले आहे. गाडी आली त्याच दिवशी आमच्या फाटकावरील रखवालदाराने तिला अडवून, 'सामान मागच्या गेटने' असा कायदा दाखविला, आणि आत कसलेही सामान नाही व पुढेही असणार नाही, हे त्याला पटवून देण्यासाठी साहेबांस खाली उतरावे लागले. वाहनतळाची आखणी हॅचबॅक जातीच्या मोटारी डोळ्यांपुढे ठेवून झालेली, आणि हायलक्सची लांबी ५,३२५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ साडेसतरा फूट; त्यामुळे तिचे नाक सार्वजनिक मार्गावर वीतभर अतिक्रमण करून असते, ज्याबद्दल सोसायटीच्या सभेच्या इतिवृत्तात दोन स्वतंत्र ठराव आहेत. रस्त्यावरील लोकांचे तर विचारूच नये. एकदा पौड फाट्याच्या सिग्नलला एका सद्गृहस्थाने काच खाली करावयास लावून, वारज्यापर्यंत एक कपाट न्यायचे काय घ्याल, असे विचारले होते. भाऊसाहेबांनी त्यास गाडीची ऑन रोड किंमत सांगितली, ज्यात शेकडा पंधरा टक्क्यांनी भरलेला आर.टी.ओ.चा करही आला, गृहस्थ म्हणाले, "एवढे नाही परवडणार, मी छोटा हत्ती बघतो."

मोकळा हौदा ही आपल्या समाजात खाजगी मालमत्ता मानली जात नाही, हे तत्त्व भाऊसाहेबांस उशिरा उमगले. आरंभी त्यांनी नातलगांचे शीतकपाट, भाचीच्या बिऱ्हाडाच्या गाद्या आणि व्याह्यांच्या रोपवाटिकेतील कुंड्या या सर्वांस निग्रहाने नकार दिला. परंतु भाद्रपदात सोसायटीच्या मंडळाने येऊन विसर्जनासाठी हौदा मागितला, तेव्हा साक्षात गजाननास नकार देण्याची प्राज्ञा त्यांना झाली नाही. हौद्यात रबरी चटई अंथरून, चटईवर गालिचा घालून, गालिच्यावर पाट मांडून बाप्पास बसविण्यात आले, आणि मिरवणुकीत ढोलपथकाच्या मागोमाग ताशी तीन किलोमीटर वेगाने, लो रेंजमध्ये, अत्यंत तांत्रिक मुद्रेने भाऊसाहेब गाडी हाकीत होते. गुलाल निघाला, पायंडा मात्र पडला तो पडलाच. देवाला चालते ते आमच्या सोफ्याला का चालू नये, या प्रश्नाला धर्मशास्त्रात उत्तर नाही.

त्यांच्या टेक्सासमधील भाच्याची कथा ऐकून त्यांना थोडा धीर आला होता. तिकडे फोर्डची रॅप्टर नावाची पिकअप मिळते, जिचे साडेचारशे अश्वशक्तीचे इंजिन आणि लांब पल्ल्याचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर वाळवंटातील टेकाडांवरून उडी मारण्यासाठी घडविले आहेत. भाचा तीवरून हिंदी वाणसामानाच्या दुकानातून सोना मसूरीच्या पिशव्या आणतो. हायलक्स मात्र तिकडे विकतच मिळत नाही. परदेशी मालवाहू गाड्यांवर अमेरिकेने १९६४ पासून शेकडा पंचवीस टक्के जकात बसविलेली आहे आणि तिचे मूळ युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर लावलेल्या जकातीत आहे. भाच्याचे हे बोलणे ऐकल्यापासून भाऊसाहेब, जी गाडी अमेरिकेला दुर्लभ ती आपल्या दारी उभी आहे, एवढाच भाग सांगतात; कोंबड्यांचा भाग गाळतात.

पण मी ज्या गोष्टीसाठी हे व्यक्तिचित्र लिहावयास घेतले, ती याहून निराळी आहे. गाडी रोज सकाळी वाहनतळात उभी राहून भाऊसाहेबांस जणू त्यांचाच जुना प्रश्न विचारी: वर्षाकाठी किती दिवस कामावर असेन? ज्या माणसाने हा प्रश्न शेकडो शेतकऱ्यांस विचारला, त्याला तो टाळता येईना. गरज सिद्ध होत नसेल तर ती निर्माण केली पाहिजे, असा निश्चय करून त्यांनी भोर तालुक्यातील वडिलार्जित जमिनीचा सातबारा काढला. त्यावर सहहिस्सेदारांची नावे एका पानात मावत नव्हती, क्षेत्रातील निम्मा भाग पोटखराबा होता आणि उरलेल्यात भात होई. तरीही वाटपाचा सोपस्कार करून त्यांनी आपला तुकडा ताब्यात घेतला, तो केवळ एका गुणासाठी. तिथे जाण्यास रस्ता नव्हता. होती ती एक पाणंद: दोन्ही बाजूंस करवंदीच्या जाळ्या, मध्ये एक ओढा, आणि आषाढात गुडघाभर चिखल. ते दृश्य पाहून भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले, ते त्यांच्या मुलाच्या लग्नातही मला दिसले नव्हते.

तीन पावसाळे त्यांनी स्वर्गसुख भोगले. दर शनिवारी चारचाकी जोर लावून ते पाणंदीत शिरत, चिखल उडवीत बांधापर्यंत पोहोचत, रिकाम्या शेताकडे पाहून डबा खात आणि परत येत. येताना इंद्रायणी तांदळाचे एखादे पोते आणीत, ज्याची किंमत डिझेल धरून काढल्यास तो तांदूळ तुळशीच्या पानावर ठेवून वाटावा लागला असता. आणि मग शासनाने घात केला. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेत गावाने या पाणंदीचे नाव घातले, ग्रामसभेचा ठराव झाला, आणि पाणंदीवर खडी-मुरूम पडून ओढ्यावर मोरी होणार, असे ठरले. सारा गाव आनंदला. भाऊसाहेबांनी तहसील कचेरीत हरकत दाखल केली.

तेथील अव्वल कारकुनाने तो अर्ज दोनदा वाचला म्हणतात. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली अडविलेला रस्ता खुला करून मागणारे अर्ज त्या कचेरीत गठ्ठ्यांनी पडलेले असतात. परंतु होऊ घातलेला रस्ता होऊ नये, तो 'मूळ नैसर्गिक स्थितीत कायम राखण्यात यावा', अशी विनंती करणारा खातेदार त्याच्या पाहण्यात आला नव्हता. "साहेब, तुम्हाला जायला रस्ता नको का?" असे त्याने विचारले असता, "रस्ता असेल तर मग मी ही गाडी कशाला घेतली?" असे भाऊसाहेबांनी सत्यनिष्ठेने सांगितले, आणि तो जबाब म्हणून नोंदविला गेला. हरकत फेटाळण्यात आली. समासात शेरा होता; तो कोणता, हे भाऊसाहेब सांगत नाहीत.

काम वळवाच्या पावसातच सापडले. मोरीच्या सिमेंटची पोती घेऊन आलेली ठेकेदाराची बोलेरो पिकअप, जिला जोर मागच्या दोनच चाकांना, पाणंदीच्या तोंडाशी रुतून बसली आणि आभाळ पुन्हा भरून आले. पोती भिजली असती तर मोरी त्या हंगामात झालीच नसती, म्हणजे भाऊसाहेबांचे ईप्सित आपोआप साधले असते. परंतु त्या क्षणी त्यांनी कोणताही तक्ता मांडला नाही. त्यांनी हौदा उघडला. आठ पोती, म्हणजे चार क्विंटल, एका खेपेस, वर ताडपत्री, फोर लो, ओढा, चढ. जो माल त्या रद्द केलेल्या रकान्यातील वाहनाने एका खेपेत आणला होता, तो वाहावयास हायलक्सला चार खेपा पडल्या. अंधार पडेतो सगळे सिमेंट कोरडे पोहोचले, हौद्याला पहिला खरा ओरखडा गेला, आणि तो भाऊसाहेब आजही पाहुण्यांस बोट ठेवून दाखवितात. मोरी झाली. तिच्यावरून आता गावातला पोरगा मोपेडवर दुधाचे कॅन घेऊन जातो.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरचा एक तरुण त्यांच्याकडे सल्ला मागावयास आला होता, मी तिथेच बसलो होतो. "काका, व्ही-क्रॉस घ्यावी, की थोडे कर्ज काढून हायलक्सच?" भाऊसाहेबांनी चष्मा चढविला, कागद ओढला आणि त्याची झडती घेण्यास प्रारंभ केला: पगार किती, घराचा हप्ता किती, गावी जमीन आहे काय, असल्यास रस्ता कसा आहे. रस्ता डांबरी निघाला. पाऊण तास हिशेब करून त्यांनी त्या मुलास आकड्यांनिशी सिद्ध करून दिले की, त्याला हायलक्स परवडत नाही, व्ही-क्रॉस लागत नाही, आणि महिन्यातून एकदा छोटा हत्ती भाड्याने घेतला तरी जन्मभर पुरून उरेल. मुलगा हिरमुसून उठला, दारापर्यंत गेला.

"आणि हे बघ," भाऊसाहेब मागून म्हणाले, "घेशील तेव्हा ऑटोमॅटिकच घे. मॅन्युअलला टॉर्क ४२० आहे, हिला ५००. चिखलात कळतं ते."